लढाईच्या दिवसांतील हसू

आमच्या आजीने १९४४ च्या श्रावणात कोल्हापुरात पाहिलेला एक मराठी बोलपट आणि आमच्या आजोबांनी त्याच पावसाळ्यात इटलीतील लष्करी इस्पितळात पाहिलेला एक अमेरिकन बोलपट, या दोहोंची हकीकत आज वाचकांपुढे ठेवावयाची आहे. दोन्ही बोलपट हलकेफुलके आणि गाण्यांचे. पैकी पहिल्यामुळे आमच्या घरातील एक माणूस दोन वर्षे मनातल्या मनात झुरत राहिले आणि दुसऱ्यामुळे ते झुरणे संपले. चित्रपटाविषयी लिहिण्याचा आमचा अधिकार तो काय! आमची हयात सरकारी मराठी शाळेत मुलांना संधी-समास शिकविण्यात गेली. तरीही ही हकीकत आमच्याबरोबर जाऊ नये, असे अलीकडे फार वाटू लागले आहे, म्हणून हा प्रपंच.

आमचे मूळ गाव निपाणीजवळचे. तंबाखूची थोडी शेती, खाणारी तोंडे पुष्कळ. आजोबा १९४१ साली बेळगावास जाऊन पलटणीत भरती झाले. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र १९२२ पासून बेळगावास आहे आणि महायुद्धाच्या त्या वर्षांत आसपासच्या खेड्यांतून किती तरुण त्याच्या फाटकातून आत गेले असतील, याची मोजदाद करणे कठीण. आजोबांचे लग्न भरतीपूर्वी दोनच महिने झाले होते. प्रशिक्षण आटोपून ते समुद्रापार गेले आणि आजीच्या वाट्याला सासूच्या हाताखालचा संसार आला.

आजीचे माहेर कोल्हापूरच्या एका पेठेत. तेथे मंगळागौर जागविण्याची चाल होती. लग्नानंतरची पाच वर्षे श्रावणातील मंगळवारी गौरीची पूजा बांधावयाची, तिला पत्री वाहावयाची, नवऱ्यासाठी आयुष्य मागावयाचे आणि रात्री झिम्मा, फुगडी, उखाणे यांत पहाट करावयाची, हे आमच्या भगिनीवर्गास ठाऊकच आहे. १९४४ साली आजीची चौथी मंगळागौर होती. पूजेच्या दुसऱ्या दिवशी पेठेतल्या मैत्रिणींनी आग्रह केला, आणि श्रावणाचे औचित्य साधून पुन्हा लागलेला ‘पहिली मंगळागौर’ हा बोलपट पाहावयास ती त्यांच्याबरोबर गेली.

परत येताना सर्वजणी बोलपटातील गाणी गुणगुणत, एकमेकींच्या नकला करीत आल्या. दारात पाहते तो ओट्यावर दीर बसलेला. त्याच्या हातात तार होती. तार अर्थातच इंग्रजी. गावच्या मास्तरांनी ती वाचली होती खरी, पण ‘जखमी’ या एका शब्दापलीकडे त्यांनाही काही सांगता आले नव्हते. जखम कोठे, केवढी, माणूस वाचणार की नाही, याचा पत्ता नव्हता. आजी नेसत्या लुगड्यानिशी दिरामागून गावी आली. उंबऱ्यातच सासूने, म्हणजे आमच्या पणजीने, तिला विचारले, “न्हवरा तिकडं लढाईवर, आन् तू हितं दात काढत बसलीस व्हय?”

पणजी दुष्ट नव्हती. मुलगा जखमी झाल्याची तार ज्या आईच्या पदरात पडली, तिच्या तोंडून ते शब्द निघाले होते. परंतु आजीच्या मनात ते रुतून बसले. तिने देवापुढे शपथ घेतली की, धनी घरी येईपर्यंत सिनेमा पाहणार नाही, झिम्मा खेळणार नाही. १९४५ साली तिची पाचवी मंगळागौर आली आणि तशीच गेली. पूजा झाली, जागरण झाले नाही.

ज्या बोलपटापायी हे घडले, त्याविषयी दोन शब्द सांगणे येथे अवश्य आहे. ‘पहिली मंगळागौर’ हा नवयुग चित्रपट कंपनीचा बोलपट १९४२ सालचा. स्नेहप्रभा प्रधान आणि शाहू मोडक ही त्यातील प्रमुख जोडी, दिग्दर्शक जुन्नरकर, संगीत दादा चांदेकरांचे. मास्टर विनायक त्या सुमारास नवयुगातून बाहेर पडले. परंतु घरगुती विनोद, सुशिक्षित नायिका, गोड चालीची गाणी आणि कोणाचाही जीव न दुखविणारी थट्टा, हा जो मराठी बोलपटाचा ढंग त्या काळी रूढ झाला होता, तो घडविण्यात विनायकांचा वाटा फार मोठा. ‘ब्रह्मचारी’ हा आचार्य अत्र्यांच्या लेखणीतून उतरलेला बोलपट त्यांनी युद्धापूर्वी, १९३८ साली, कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सतर्फे काढला. युद्ध सुरू झाल्यावर १९४० साली ‘लग्न पहावे करून’ आला आणि १९४२ साली ‘सरकारी पाहुणे’. या दोन्हींत चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ पडद्यावर अवतरले. गुंड्याभाऊ झाले विष्णुपंत जोग आणि चिमणराव झाले दामुअण्णा मालवणकर. हे दामुअण्णा जन्माने आमच्या निपाणीचे. त्यांची ती तिरकी नजर नुसती पडद्यावर दिसली तरी प्रेक्षकांत हशा उसळे, असे आजोबा अभिमानाने सांगत.

थोडक्यात, एकीकडे युरोप जळत होता, सिंगापूर आणि रंगून पडले होते, रॉकेल आणि साखर मिळेनाशी झाली होती. आणि दुसरीकडे आमचे लोक तिकीट काढून लग्नाच्या गमतीजमती पाहत होते. आमच्या पणजीचा प्रश्न एका अर्थाने सर्व समाजालाच होता.

त्या हसण्याच्या मागे काय होते, हेही पाहू या. ‘पहिली मंगळागौर’मध्ये एका लहानशा भूमिकेत एक तेराव्या वर्षात असलेली मुलगी आहे. तिचे वडील, मास्टर दीनानाथ मंगेशकर, २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यास निवर्तले होते. घरात आई आणि चार धाकटी भावंडे. ज्या गळ्यावर पुढे अवघ्या देशाने प्रेम केले, त्या लताबाईंनी पोटासाठी पत्करलेले हे काम. तोंडाला रंग लावून कॅमेऱ्यापुढे उभे राहणे आपल्याला कधीच आवडले नाही, हे त्यांनी पुढे मुलाखतींतून अनेकदा सांगितले आहे. आजीला बोलपटाची कथा पुढे आठवत नसे. मात्र “एक ल्हान पोर गात हुती, तिचा आवाज कानातनं जाईना,” असे ती म्हणे. त्या पोरीच्या घरचे सुतक नुकते फिटले होते, हे आजीला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. प्रेक्षक हसत होते, आणि त्यांना रिझविणारी पोर वडिलांचे दुःख गिळून उभी होती.

हे हसूही पुढे शिधापत्रिकेवर आले. चित्रपटाची कच्ची फिल्म त्या काळी आपल्याकडे तयार होत नसे. ती परदेशांतून जहाजाने येई, आणि जहाजे तर युद्धसाहित्यात गुंतलेली. १९४२ साली सरकारने बोलपटाच्या लांबीवर ११,००० फुटांची मर्यादा घातली. पडद्यावर मिनिटाला ९० फूट फिल्म सरकते, तेव्हा ही मर्यादा दोन तासांच्या आसपास येते. तत्पूर्वीचे आपले बोलपट याहून बरेच लांब असत. १९४३ साली फिल्मच्या वाटपासाठी परवाना आवश्यक झाला, आणि युद्धप्रचाराचे माहितीपट दाखविणे चित्रपटगृहांना सक्तीचे झाले. मोजकी फिल्म हाती आलेला निर्माता ती मुलूखभर चालणाऱ्या हिंदी बोलपटासाठी वापरणार, हे उघड आहे. विनायकांनी कोल्हापुरात उभारलेली प्रफुल्ल पिक्चर्स ही संस्थाही १९४५ साली मुंबईस गेली, आणि तिच्याबरोबर मंगेशकर कुटुंबातील ती थोरली मुलगीही. १९४७ च्या ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्यानंतर चारच दिवसांनी, विनायक निवर्तले. वय अवघे एकेचाळीस. युद्ध संपले, फिल्मवरील निर्बंध उठले; पण युद्धापूर्वी बहरलेला तो मराठी विनोदी बोलपटाचा मळा पूर्वीसारखा पुन्हा फुलावयास बराच काळ जावा लागला.

आता आजोबांची गोष्ट. १९४४ च्या जुलैमध्ये मराठ्यांच्या पलटणी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात जर्मनांशी झुंजत होत्या. नाईक यशवंत घाडगे यांनी १० जुलै रोजी तेथेच एकट्याने शत्रूच्या मशीनगनवर चाल केली आणि देह ठेवला. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आजोबांच्या मांडीत गोळी शिरली ती त्याच महिन्यात. इस्पितळात काही आठवडे काढून ते पुन्हा उभे राहिले. पाय मात्र जन्मभर थोडा ओढीत चालले. १९४६ च्या उन्हाळ्याच्या तोंडी ते निपाणीच्या मोटारस्टँडवर उतरले, तेव्हा प्रथम कोणी त्यांना ओळखलेच नाही म्हणतात.

त्या वैशाखात निपाणीस तंबूचा सिनेमा आला होता. आजोबांनी आजीला चलण्याविषयी विचारले. ती नाही म्हणाली. दुसऱ्यांदा विचारले, तेव्हा रडू लागली आणि तिने तार, ओटा आणि सासूचे शब्द, सारे एकदाचे सांगून टाकले. आजोबा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “मीबी हसलोच की ग.”

इस्पितळाच्या आवारात दोन झाडांना चादर बांधून सिनेमा दाखवीत. चालता येणारे चालत येत, बाकीच्यांच्या खाटा उचलून आणीत. “एक सुकडा गोरा हुता. सारका पाय वाजवीत नाचायचा. पोरीचा बाप लई बेरकी. पोरगी लगीन कराय तयार न्हाई, आन् तिच्यापायी धाकट्या दोगी अडून ऱ्हायलेल्या. मग बापच चोरून तिला पत्रं लिवतो, फुलं धाडतो. शेवटाला तो नाच्या चिलखत घालून घोड्यावर येतो आन् दाणकन पडतो! आमी सगळे पोट धरून हसलो.” इतके सांगून ते थांबले, आणि मग म्हणाले, “शेजारच्या खाटेवरचं पोरगं त्याच दिवशी सकाळी गेलं हुतं. रातीला लई शरम वाटली. कुणाला बोललो न्हाई. आज तुला सांगतुया.”

दोघांनीही ज्याला गुन्हा समजून उरात लपवून ठेवले होते, तो दोघांचा एकच निघाला. त्या रात्री ती दोघे तंबूत जाऊन बसली. कोणता सिनेमा होता, ते मात्र दोघांनाही पुढे आठवले नाही.

आजोबांना त्या अमेरिकन बोलपटाचे नाव ठाऊक नव्हते. ते १९८९ साली गेले, आजी १९९६ साली. नाव कळले ते अगदी अलीकडे, आमच्या एका माजी विद्यार्थ्यामुळे. त्याला जुन्या चित्रपटांचा नाद आहे. आजोबांनी सांगितलेली कथा, विशेषतः चिलखत आणि घोडा, त्याला ऐकविताच तो म्हणाला, “गुरुजी, हा फ्रेड अॅस्टेअर आणि रिटा हेवर्थ यांचा ‘यू वेअर नेव्हर लव्हलियर’. १९४२ सालचा.” पुढच्या सुट्टीत त्याने तो आम्हांस आपल्या संगणकावर दाखविला.

कथा दक्षिण अमेरिकेतील ब्वेनोस आयरेस शहरात घडते. एका बड्या हॉटेलमालकाला चार मुली. मुलींची लग्ने वयाच्या क्रमानेच झाली पाहिजेत, हा त्याचा कुळाचार! थोरलीचे लग्न होते, पण दुसरी, मारिया, कोणालाच पसंत करीत नाही, आणि धाकट्या दोघी आपापले वर निवडून ताटकळत बसलेल्या. तेव्हा बाप अज्ञात प्रियकराच्या नावाने मारियाला पत्रे आणि फुले पाठवू लागतो. घोड्यांच्या शर्यतीत पैसे घालवून कामाच्या शोधात आलेला एक अमेरिकन नर्तक ती फुले पोचविण्यास जातो, आणि हाच तो पत्रलेखक असा तिचा समज होतो. पुढचा घोळ वाचकांनी कल्पनेने जाणावा. सव्वादीड तासाच्या त्या चित्रपटात युद्धाचा एक शब्द नाही. दिग्दर्शक विल्यम सायटर, संगीत जेरोम कर्न यांचे. रिटा हेवर्थ पडद्यावर गाताना दिसते, तो आवाज मात्र नॅन विन या गायिकेचा. हे वाचून आम्हांस राहून राहून ‘पहिली मंगळागौर’मधल्या त्या मुलीची आठवण झाली. पुढे कित्येक नायिकांना आपला गळा देणारी ती, तेव्हा स्वतः रंग लावून पडद्यावर उभी होती.

आणखी एक गोष्ट विद्यार्थ्याने सांगितली, ती ऐकून आम्ही स्तब्ध झालो. स्टुडिओत जागा नसल्यामुळे या चित्रपटातील नृत्यांच्या तालमी हॉलिवूडमधल्या एका दफनभूमीतील इमारतीत, अंत्यविधीच्या दालनावरच्या खोलीत होत असत. खाली प्रेतयात्रा आली की वरचा नाच थांबे. मंडळी मुकाट्याने उभी राहत. यात्रा निघून गेली की पुन्हा ताल सुरू. इटलीतील इस्पितळात चादरीवर ते नृत्य पाहून हसणाऱ्या जखमी शिपायांना हे कळण्याचा संभव नव्हता. परंतु त्यांचेही तेच चालले होते. सकाळी शेजारची खाट रिकामी झाली, सायंकाळी ते हसले.

इंग्रजीचे अक्षर न येणाऱ्या आजोबांना ही कथा इतकी नेमकी कशी कळली, याचे नवल वाटण्याचे कारण नाही. गावच्या जत्रेत हौशी मंडळींचे ‘सौभद्र’ पाहत ते वाढले होते. थोरल्या भावाने बहिणीचे लग्न एकीकडे ठरवावे, धाकट्याने आतून निराळेच सूत्र हलवावे, प्रियकराने त्रिदंडी संन्याशाचे सोंग घेऊन घरात शिरावे आणि वधूने त्याला ओळखू नये. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ साली रंगभूमीवर आणलेल्या त्या नाटकात प्रेम, गाणे आणि गोड फसवणूक यांचा जो मेळ आहे, तोच या अमेरिकन बोलपटातही आहे. आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही आवर्जून सांगतो की, हे अण्णासाहेब आमच्याच बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे, आणि त्यांचे पट्टशिष्य गोविंद बल्लाळ देवल हे बेळगावास शिकले आणि तेथेच काही काळ शिक्षकही होते. देवलांच्या ‘संशयकल्लोळा’चे मूळ तर थेट फ्रेंच नाटककार मोलिएरपर्यंत जाते. तेव्हा हसण्याची ही देवघेव दोन खंडांत पूर्वीपासूनच चालू होती. आजोबांना ब्वेनोस आयरेस परके वाटले नाही, कारण तेथला बाप त्यांना आपल्या भावकीतलाच वाटला.

आता मूळ प्रश्न. माणसे लढाईत मरत असताना घरी बसलेल्यांनी हसावे काय? पुष्कळ वर्षे आम्ही त्याचे उत्तर ग्रंथांत शोधीत होतो. ते आजीच्या व्रतातच होते, हे फार उशिरा ध्यानात आले. मंगळागौरीच्या सकाळी स्त्री नवऱ्याचे आयुष्य मागते आणि रात्री मैत्रिणींबरोबर फेर धरते. ज्यांनी हे व्रत घडविले, त्यांच्याही काळी नवरे मोहिमांवर जात होते, साथी येत होत्या, बाळंतपणात बाया जात होत्या. तरीही त्यांनी पूजेला जागरण जोडले, आणि जागरणात उपवासाचे मौन ठेवले नाही. झिम्मा ठेवला, थट्टा ठेवली. सासूची नक्कल करण्याचीसुद्धा त्या रात्री मुभा असते! रात्रभर जागावयाचे तर कोणी रडत जागू शकत नाही, हे त्या शहाण्या बायकांनी ओळखले असले पाहिजे. आजीने १९४५ साली पूजा केली आणि खेळ वर्ज्य केला, तेव्हा तिच्या हातून व्रत अर्धेच घडले होते.

ते पुरे झाले १९४६ च्या श्रावणात. आजोबा परतलेले असल्यामुळे राहिलेले जागरण आणि उद्यापन सासरीच करावयाचे ठरले. पूजा झाली, शेजारणी जमल्या, पण आजी भिंतीशी बसून राहिली. कोणी ओढले तरी उठेना. तेव्हा पणजी माजघरातून पदर खोचीत बाहेर आली. तिने सुनेपुढे दोन्ही हात केले आणि म्हणाली, “ऊठ. माझ्यासंगं घाल फुगडी.” ती त्या वेळी पन्नाशी ओलांडलेली होती. दोन फेऱ्यांतच तिला धाप लागली आणि ती मटकन खाली बसली. सगळ्या बायका हसल्या. आजीही हसली. आजोबा सोप्यातून ऐकत होते.